ऐकणारा नट

‘अमक्यानं समोरच्याला खाऊन टाकलं’ ही मराठी प्रेक्षकानं नटाला दिलेली सगळ्यात मोठी दाद असते. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी ती हमखास ऐकू येते. तिच्या जोडीला ‘काम छान झालंय’, ‘जरा ओव्हर करतो’, ‘अगदी नैसर्गिक वाटतं’ अशी चारदोन वाक्यं असतात आणि बहुतेक वेळा अभिनयाची चर्चा तिथेच संपते. या मतांमध्ये वावगं काहीच नाही. प्रेक्षकानं पैसे मोजलेत, मत देणं हा त्याचा हक्कच आहे. पण ‘खाऊन टाकलं’ या शब्दांत एक समजूत दडलेली आहे, आणि तिच्यामुळे आपल्या भाषेतलं काही अव्वल दर्जाचं काम आपल्या नजरेतून निसटतं. समजूत अशी, की प्रसंग म्हणजे कुस्तीचा फड, ज्याचा आवाज मोठा आणि वाक्य जोरकस तो जिंकला, दुसरा चीतपट. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पडद्यावरचा अभिनय जोखायचा असेल तर बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे पाहावं. ऐकणं हे चित्रपटातल्या नटाचं सगळ्यात अवघड काम आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत मराठी चित्रपटानं ते फार उत्तम केलं आहे आणि त्याबद्दल आपण फारच थोडं बोललो आहोत.

बोलणाऱ्याला झुकतं माप देण्याची सवय आपल्याला रंगभूमीनं लावली. संगीत नाटकात पदाला वन्समोअर मिळायचा, गद्य नाटकात टाळीचं वाक्य असायचं, आणि नट त्या वाक्याशी येऊन क्षणभर थांबायचा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला डोळे दिसत नाहीत, शब्द ऐकू येतात. त्यामुळे वाचेवर हुकमत असणं रंगभूमीवर निकडीचं होतं, आजही आहे. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आलं आणि डॉ. श्रीराम लागूंच्या स्वगतांनी पिढ्यांच्या कानात घर केलं ते याच बळावर. कॅमेरा मात्र शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाच्या गालाशी नेऊन बसवतो. पडद्यावर पापणी हातभर होते. तिथे वाक्य पोचवण्यासाठी धडपड करावी लागत नाही. वाक्य कुठून आलं, समोरच्याचं ऐकून मनात काय हललं म्हणून आलं, हे दिसावं लागतं. जो नट ऐकत नाही, फक्त आपली पाळी येण्याची वाट पाहतो, त्याची चोरी रंगमंचावर कदाचित खपून जाईल. क्लोजअपमध्ये ती लगेच पकडली जाते.

जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ घ्या. २०२३ साली टोरोंटोच्या महोत्सवात गाजलेला हा चित्रपट २०२५ मध्ये आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला. कथा चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यातल्या सविता या मुलीची. तिला शिकायचंय, स्पर्धा परीक्षा द्यायचीय, आणि घरी एकामागून एक पाहुणे तिला बघायला येताहेत. दर वेळी तीच बैठक, तेच नाव-शिक्षण-उंचीचे प्रश्न, तीच उत्तरं. सविता झालेल्या नंदिनी चिकटे या मुलीच्या वाट्याला इथे भाषण म्हणून काहीच नाही. तिनं करायचं ते एवढंच : प्रश्न ऐकायचा आणि चार शब्दांत उत्तर द्यायचं. पण पहिल्या बैठकीतलं ऐकणं आणि नंतरच्या बैठकीतलं ऐकणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी प्रश्नाची भीती वाटते. मग प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार असल्याचं तिच्या मानेवरून कळतं. पुढे प्रश्न कानावर पडतो पण आत जात नाही. संवाद जवळजवळ तेच, आणि तरी मुलगी आतून कशी झिजत गेली ते आपल्याला पायरी-पायरीनं दिसतं. हे ऐकण्यातून रचलेलं काम आहे. तिनं कुणालाही खाऊन टाकलेलं नाही, आणि तरी तिच्यावाचून तो चित्रपट उभाच राहिला नसता.

यावर एक जाणता आक्षेप येऊ शकतो. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्ह यानं एक प्रयोग केला. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्यानं एकदा सुपाच्या वाडग्याला, एकदा शवपेटीतल्या मृताला, एकदा एका स्त्रीला जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यात भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली, आणि त्यांनी नटाची तारीफ केली, असं सांगितलं जातं. मग ऐकणाऱ्या चेहऱ्यात आपल्याला जे दिसतं ते संकलकाचं कर्तृत्व नव्हे का? नटाला श्रेय का द्यायचं? आक्षेप खरा आहे, आणि कित्येकदा आपण नटाच्या नावावर जमा केलेली दाद खरं तर संकलनाच्या टेबलावर जायला हवी. पण त्यावरची कसोटीही चित्रपटातच आहे. जिथे कात्री चालतच नाही तिथे पाहावं.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हा त्यासाठी नामी नमुना. त्याला व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं. पण त्याच्या अभिनयाबद्दल सरसकट काय बोललं गेलं? ‘कुणी अभिनय करतच नाही असं वाटतं.’ तिथेच चर्चा थांबली. त्या चित्रपटात कॅमेरा बराच वेळ एका जागी ठाण मांडून असतो, अख्खी कोर्टाची खोली चौकटीत, आणि मिनिटं उलटली तरी कट नाही. तिथे संकलक मदतीला येत नाही. शाहीर नारायण कांबळेच्या गाण्यामुळे एका गटार-कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप आहे, आणि त्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकून पाहायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजून उतरायचा, असं ती साध्या सुरात सांगते. रडत नाही, आवाज चढवत नाही. या वेळी सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णींकडे पाहावं. त्यांची नूतन दुष्ट नाही. ती कामाचा दिवस ढकलणारी बाई आहे. तिचं ऐकणं कागद चाळता चाळता चाललेलं ऐकणं आहे, ज्याला कलम सापडलं की बाकीचं सांडून जातं. हीच बाई लोकलमध्ये शेजारणीशी घरगुती गप्पा मारते तेव्हा किती मनापासून ऐकते! एकाच माणसाच्या दोन ऐकण्यांतली ही तफावत म्हणजे त्या चित्रपटाचा गाभा आहे. न्याय का मिळत नाही याचं उत्तर कुणाच्याही भाषणात नाही. नूतन कुणाचं ऐकते आणि कुणाचं नुसतं नोंदवून घेते, त्यात ते आहे.

ऐकणं म्हणजे शब्द समजणंही नव्हे, हे सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’नं दाखवून दिलं. डॉ. मोहन आगाशे यांचे चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे प्रकांड पंडित, आता अल्झायमरनं स्मृती विरत चाललेली. रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे ते चालत सुटतात आणि माहुताच्या कुटुंबात जाऊन पोचतात. माहुताची बायको चन्नम्मा कन्नड बोलणारी. तिला या म्हाताऱ्याचं बोलणं धड कळत नाही. तो तिला आई समजू लागतो. अमृता सुभाष यांनी हे काम केलं आणि त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचं कन्नड बोलणं वाखाणलं गेलं, ते योग्यच. मला मात्र त्याहून मोठं वाटतं ते त्यांचं न समजता ऐकणं. लहान मूल काय म्हणतं यापेक्षा त्याला काय हवंय याकडे आईचं लक्ष असतं, तसं ते ऐकणं आहे. आणि समोर आगाशे उलट टोकाला : शब्द कानी पडताहेत, क्षणभर डोळ्यांत ओळखीची लकेर उमटते आणि तिथेच मावळते. ऐकलेलं धरून ठेवता न येणं, असा अभिनय करायचा म्हणजे आधी ऐकणं पुरतं अवगत असावं लागतं. या दोघांत कोण वरचढ, हा प्रश्नच उरत नाही. एकाचं काम दुसऱ्याच्या ओंजळीत आहे.

मग बोलण्याचं काय? नाना पाटेकरांचा ‘नटसम्राट’ (२०१६) लोकांनी डोक्यावर घेतला तो त्यांच्या बोलण्यासाठी. ती सगळी दाद चुकीची होती का? अजिबात नाही. वाणी ही मराठी नटाची पिढीजात मिळकत आहे आणि ती टाकून द्यावी असं कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. गणपतराव बेलवलकर हा भाषेवर जगलेला माणूस, तो बोलणारच. पण त्या चित्रपटातले मनात रुतून बसणारे प्रसंग आठवून पाहा. नाना आणि विक्रम गोखले समोरासमोर येतात ते प्रसंग आठवतील. गोखल्यांचा रामभाऊ मित्राचं बोलणं ज्या मायेनं, ज्या थकव्यानं ऐकून घेतो, त्यामुळे नानांच्या शब्दांना वजन येतं. विहिरीत दगड टाकला तर आवाज दगडाचा नसतो, पाण्याचा असतो. गोखले पुढे ‘गोदावरी’त दिसले, तिथेही त्यांची ही ताकद कायम होती. ‘अनुमती’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. त्यांच्या ‘पॉज’ची आपल्याकडे सतत चर्चा व्हायची, जणू तो एखादा हातखंडा प्रयोग. पण वाक्याआधी थांबण्यातलं सौंदर्य थांबण्यात नसतं. त्या अवधीत माणूस ऐकलेलं पचवत असतो, म्हणून तो अवधी भरलेला वाटतो. त्यांची नक्कल करणाऱ्यांचे पॉज रिकामे का वाटतात, याचंही कारण हेच.

दुसरा आक्षेप नवख्या चेहऱ्यांबद्दलचा. ‘फँड्री’तला सोमनाथ अवघडे किंवा ‘स्थळ’मधली गावातली माणसं अभिनय करत नाहीत, ती तशीच आहेत, असं म्हटलं जातं. हे कौतुक वाटतं, पण त्यात थोडा अन्यायही आहे. खेड्यातलं पोर म्हणून ते आपोआप ‘फँड्री’चा नायक जब्या होत नाही. कॅमेरा, दिवे, पन्नास माणसं समोर असताना, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा करताना, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकणं ही मेहनत आहे, मग ती नाट्यशाळेत शिकलेली असो वा नसो. ताम्हाणे यांच्याच ‘द डिसायपल’मध्ये मुख्य भूमिकेत आदित्य मोडक हे गायक आहेत. गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसलेल्या शिष्याचा चेहरा आधी दिसतो, आणि सबंध चित्रपटाची शोकांतिका त्या ऐकण्यातच पेरलेली आहे : हा मुलगा जे ऐकू शकतो ते गाऊ शकणार नाही. गाण्याची तालीम म्हणजे मुळात ऐकण्याची तालीम, म्हणून गायक तिथे इतका खरा वाटतो. अंगमेहनतीच्या कौतुकातही अशीच गफलत होते. ‘नटरंग’साठी अतुल कुलकर्णींनी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग नाच्यासाठी ते उतरवलं. भूमिकेची ती गरज होती आणि ती त्यांनी निष्ठेनं भागवली. पण चर्चा किलोंवर अडकली की त्यांच्या गुणा या पात्राच्या चेहऱ्यावर लोकांची हेटाळणी झेलताना काय चाललंय, ते बघायचं राहून जातं.

आपली नजर बिघडायला आणखी एक कारण आहे, आणि ते रोज संध्याकाळी घराघरात सुरू असतं. मालिकेत कुणी एक वाक्य टाकलं की कॅमेरा घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून फिरतो, ढोल वाजतात, डोळे विस्फारतात. याला ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. हे ऐकणं नव्हे, ऐकल्याची पावती आहे. रोजचा भाग रोज पुरा करायचा असतो, तिथल्या नटांना दोष देण्यात अर्थ नाही. पण वर्षानुवर्षं अशा पावत्या पाहून आपल्याला खरं ऐकणं ‘काहीच करत नाही’ असं वाटू लागलं आहे. त्यात भर मोबाइलची. घरी चित्रपट बघताना नजर हातातल्या पडद्यावर आणि कान टीव्हीकडे, अशी सवय जडली की आपल्यापर्यंत फक्त बोलणारा नट पोचतो. गप्प बसलेला नट त्या क्षणी आपल्यापुरता उरतच नाही. २०२५ मध्ये सनडान्सला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळवून आलेला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ असा पाहणं म्हणजे न पाहणंच. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेला आनंद नातेवाइकांचे लग्नाबद्दलचे टोमणे ऐकत राहतो, त्याची आई ते त्याच्या वतीनं ऐकते आणि परतवते, आणि या ऐकण्याच्या आडोशाला बाल्या या मित्राबरोबरचं त्याचं नातं हळूहळू उमलतं. भूषण मनोज आणि जयश्री जगताप यांनी मायलेकाचं जे मौन उभं केलं आहे ते कानानं कळणारं नाही.

म्हणून एक विनंती. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला तो प्रसंग पुन्हा एकदा लावा. डुकरामागे धावून दमलेलं कुटुंब, हाताशी आलेलं डुक्कर, आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर. सगळे जागच्या जागी उभे राहतात. कुणालाही एक शब्द बोलायचा नाही, फक्त ऐकायचं आहे. या वेळी डुकराकडे पाहू नका. सूर संपेपर्यंत कचरू झालेल्या किशोर कदमांकडे आणि त्याच्या पोराकडे पाहा.