काथ्याला चिकटलेली वाळू

लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना बत्तीचा मॅन्टल आठवत असेल. कापड जळून राखेची जाळी उरते, बोट लागलं की भुगा होतो, आणि लख्ख उजेड देते ती ही राखच. ती राख कशाची, या कुतूहलाने माझा पिच्छा बरीच वर्षं सोडलेला नाही. ९९ टक्के थोरियम ऑक्साइड, १ टक्का सेरियम ऑक्साइड. हे प्रमाण बसवलं व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने. त्याआधी, १८८५ मध्ये, ‘डिडिमियम’ हे तोवर एकच मूलद्रव्य मानलं जात होतं, ते त्यानेच फोडून निओडिमियम आणि प्रासिओडिमियम वेगळे केले. त्या काळी त्यांना फारसं गिऱ्हाईक नव्हतं. आज समुद्रातल्या मोठ्या पवनचक्क्यांची जनित्रं आणि बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरी याच जोडीच्या चुंबकांवर फिरतात. गिअरबॉक्स नसलेल्या पवनचक्कीला मेगावॉटमागे सुमारे ६०० किलो चुंबक लागतो.

थोरियम आणि निओडिमियमसारखे हे ‘रेअर अर्थ’ धातू एकाच खनिजात असतात, मोनाझाइटमध्ये. ही जड वाळू युरोपात ब्राझीलहून येई. १९०९ मध्ये सी. डब्ल्यू. शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानातून आलेल्या काथ्याला चिकटलेले पिवळसर कण दिसले. दुसऱ्या कुणी ते झटकून टाकले असते. याने तपासले, आणि तडक त्रावणकोर गाठलं. १९१० मध्ये तिथल्या मनवलकुरिचीला वाळू निवडण्याचा कारखाना निघाला, पुढे चवऱ्याला दुसरा. ही वाळू जवळून पाहावी: काळं इल्मेनाइट, लालसर गार्नेट, काचेसारखा झिरकॉन आणि त्यात मधाच्या रंगाचे मोनाझाइटचे दाणे. महायुद्ध पेटलं तसा शोम्बर्ग जर्मन हेर ठरवला गेला. त्याला अटक झाली आणि धंदा ब्रिटिशांच्या हाती गेला. एवढं मोठं घबाड शोधून देणाऱ्या या माणसाला आपण साफ विसरलो, याची मला खंत वाटते.

पुढे विजेने गॅसबत्ती मागे सारली, पण अणुबॉम्बने थोरियमचा भाव पुन्हा चढवला. १९४६ मध्ये त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी मोनाझाइटची निर्यात रोखली, आणि ही वाळू त्यांच्या हातातला हुकमाचा पत्ता झाली. जून १९४७ मध्ये त्यांनी त्रावणकोर स्वतंत्र राहणार असं जाहीर केलं. २५ जुलैला त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि काही दिवसांतच संस्थान भारतात सामील झालं. संस्थानांच्या विलीनीकरणाच्या गोष्टी आपण हैदराबाद-जुनागढवर संपवतो. या वाळूचं नावही निघत नाही.

१९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. १९५२ च्या डिसेंबरात आलुवाच्या कारखान्याचं उद्घाटन नेहरूंनी केलं. पण सगळ्यांचं लक्ष थोरियमवर, अणुभट्टीच्या स्वप्नावर. रेअर अर्थ हा जोडधंदाच राहिला. चीनचा माल इतका स्वस्त झाला की २००४ मध्ये मोनाझाइटपासून हे धातू काढणं आपण थांबवलं. हा निर्णय हिशेबाच्या वहीत बरोबर आणि धोरण म्हणून घोडचूक होता. हे धातू गुणांनी इतके सारखे की ते वेगळे करायला द्रावणांचे शेकडो टप्पे लागतात. तो हात बसायला वर्षं जातात आणि मोडायला फार दिवस लागत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात रेअर अर्थ धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा आपले वाहन कारखानदार हवालदिल झाले. त्या वेळी १ कोटी ३० लाख टनांच्या आसपास मोनाझाइट आपल्याच भूमीत होतं. नोव्हेंबरमध्ये केंद्राने चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली.

योजना हवीच होती. पण ही वाळू ज्या किनाऱ्यावरून उपसतात, तिथल्या माणसांचंही ऐकायला हवं. चवऱ्याजवळचं आलप्पाड हे समुद्र आणि कालवा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं गाव आहे. वाळूउपशाने आपली जमीन समुद्र गिळतोय, असं तिथले मच्छीमार सांगतात. २०१८ च्या अखेरीस त्यांनी साखळी उपोषण आरंभलं. स्वच्छ विजेच्या नावाने वाढीव उपसा होणार असेल, तर आधी किनाऱ्याची मोजणी तटस्थ संस्थेकडून करून घ्यावी, तिचे आकडे मल्याळममध्ये गावापुढे ठेवावेत आणि मगच वाळूला हात लावावा.