नवीन साटा कार्ड लावलं आणि फोटो खराब व्हायला लागले? दोष नेमका कुठे आहे हे असं शोधा

आज मोबाईल थोडा बाजूला ठेवून कॉम्प्युटरबद्दल बोलू. पण लेख शेवटपर्यंत वाचा, कारण यातला धडा तुमच्या फोनमधल्या फोटोंनाही तितकाच लागू आहे.

माझ्या मावसभावाचा सोलापुरात छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत त्याच्या कॉम्प्युटरमधली जागा संपली. मदरबोर्डवरचे चारही साटा पोर्ट भरलेले होते. म्हणून आम्ही दोन पोर्टचं एक स्वस्त साटा कार्ड आणलं, ते पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसवलं आणि त्याला नवी ४ टीबीची हार्ड डिस्क जोडली. सगळं झकास चाललं होतं. आठ दिवसांनी दादाचा फोन आला, "अरे, हळदीचे फोटो अर्धे राखाडी येतायत बघ. आणि मेमरी कार्ड तर मी फॉरमॅट करून बसलोय!"

अशा वेळी घाईत आपण नेमकं चुकीचं बटण दाबतो. म्हणून क्रम नीट समजून घ्या.

पहिलं काम : काहीच करू नका

त्या डिस्कवर नवीन काही कॉपी करू नका. विंडोज 'डिस्क दुरुस्त करायची का?' असं विचारत असेल तर थांबा. चेकडिस्क हे टूल डिस्कवर बदल लिहितं. मधलं कार्डच चुकीचा डेटा देत असेल, तर चेकडिस्क त्या चुकीच्या माहितीवरून 'दुरुस्ती' करणार आणि चांगल्या फाइल्सही बिघडवणार. दादाने मेमरी कार्ड फॉरमॅट केलं होतं, पण त्यावर पुन्हा शूटिंग केलं नव्हतं. ते कार्ड लगेच काढून बाजूला ठेवलं.

दुसरं : डिस्क थेट मदरबोर्डला जोडा

कॉम्प्युटर पूर्ण बंद केला, वायर काढली, एक जुनी डिस्क तात्पुरती सोडवली आणि तिच्या पोर्टला नवी डिस्क लावली. मग तेच खराब फोटो पुन्हा उघडून पाहिले. काही फोटो चक्क व्यवस्थित उघडले! बाकीचे मात्र अर्धेच राहिले.

याचा अर्थ काय? जे फोटो उघडले ते डिस्कवर बरोबरच होते, फक्त कार्डातून वाचताना बिघडत होते. जे उघडले नाहीत ते लिहितानाच चुकीचे लिहिले गेले होते. म्हणजे डिस्कपेक्षा डेटा ज्या रस्त्याने जातो, त्या रस्त्यावर संशय जास्त.

तिसरं : डिस्कची तब्येत बघा

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट दाखवतं. त्यात या नोंदी बघा :

- ०५ आणि सी५ : खराब झालेले आणि संशयित सेक्टर. हे आकडे वाढत असतील तर डिस्कच आजारी आहे.
- सी७ : सीआरसी एरर. हा आकडा वाढत असेल तर आधी साटा केबल बदला. जुना आकडा कमी होत नाही, त्यामुळे तो पुढे वाढतोय का एवढंच बघायचं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. केबलमधून जाणाऱ्या डेटासोबत तपासणीचा एक कोड जातो. कोड जुळला नाही की तो डेटा पुन्हा मागवला जातो. त्यामुळे खराब केबलने कॉम्प्युटर अडखळतो आणि सी७ वाढतो, पण गुपचूप फोटो बिघडणं सहसा होत नाही. आमचा सी७ शून्य होता. म्हणजे संशय उरला दोघांवर : रॅम आणि कार्ड.

चौथं : रॅम तपासा

कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते. मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर चालू ठेवलं. एकही एरर नाही. रॅम सुटली.

पाचवं : हॅश जुळवा

हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा बदलतो. सेव्हन-झिप टाकलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ काढता येतो.

आम्ही एक मोठा व्हिडिओ घेतला, त्याचा ठसा लिहून ठेवला आणि नव्या डिस्कवर त्याच्या दहा कॉपी केल्या. मग कॉम्प्युटर रिस्टार्ट केला. हे महत्त्वाचं आहे, नाहीतर विंडोज डिस्कऐवजी रॅममधली कॉपी वाचतं आणि सगळं ठीक दिसतं. मदरबोर्डच्या पोर्टवर दहापैकी दहा ठसे जुळले. कार्डाच्या पोर्टवर तीन चुकले. स्लॉट बदलला, केबल बदलली, पॉवरची वायर बदलली, तरी चुका होत्याच. शेवटी तेच कार्ड माझ्या कॉम्प्युटरमध्ये लावलं, तिथेही चुका. चोर सापडला!

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, हे विसरू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

हे नवीन नाही

२००१ च्या सुमारास व्हीआयए कंपनीच्या ६८६बी या चिपमुळे काही मदरबोर्डवर मोठ्या फाइल्स कॉपी करताना डेटा बिघडायचा, आणि साउंड ब्लास्टर लाइव्ह हे साउंड कार्ड लावलेल्यांना हा त्रास विशेष जाणवला. शेवटी बायोस आणि ड्रायव्हरच्या अपडेटने उपाय केला गेला. म्हणून कार्ड फेकण्याआधी बायोस, ड्रायव्हर आणि कार्डाचं फर्मवेअर अपडेट करून बघा. तसंच, जुनी कार्डं २ टीबीच्या पुढची जागा नीट मोजू शकत नाहीत. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसत असेल तर तिच्यावर एकही फाइल टाकू नका.

शेवटी फोटोंचं काय झालं?

फॉरमॅट केलेल्या मेमरी कार्डातून फोटोरेक या मोफत सॉफ्टवेअरने हळदीचे बरेचसे फोटो परत मिळाले. पण त्या आठवड्यात दादाने एका जुन्या लग्नाचा फोल्डरही कट-पेस्ट करून नव्या डिस्कवर हलवला होता. त्यातले ४१ फोटो कायमचे गेले. त्या घरी जाऊन सांगताना दादाचा चेहरा मी पाहिलाय.

आता तुमच्या फोनकडे वळू

फोन भरला की आपण ओटीजीने पेनड्राइव्ह लावतो आणि फोटो 'मूव्ह' करतो. तिथेही मधे एक स्वस्त अडॅप्टर असतो, एक अनोळखी चिप असते. म्हणून मूव्ह नको, कॉपी करा. पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावा, पाच-दहा फोटो आणि एखादा मोठा व्हिडिओ उघडून बघा. दुसऱ्या जागी आणखी एक कॉपी ठेवा. मगच फोनमधून डिलीट करा.

जागा पुन्हा विकत मिळते मित्रांनो, हळद पुन्हा लागत नाही.