पेशीतल्या चातीचे मोजमाप

माणसाच्या शरीरातील बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रे असतात. पेशीचे विभाजन होताना प्रत्येक गुणसूत्राची एकेक प्रत दोन्ही नव्या पेशींना मिळावी लागते. ही वाटणी चुकली तर परिणाम गंभीर होतात. स्त्रीबीजात २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त गेली, तर बाळाला डाउन सिंड्रोम होऊ शकतो. कर्करोगाच्या अनेक पेशींतही गुणसूत्रांची संख्या बिघडलेली आढळते.

वाटणीचे हे काम ‘तर्कू’ करतो. मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता असल्याने सूत कातण्याच्या चातीवरून त्याला हे नाव पडले. तो सूक्ष्मनलिकांचा बनतो. एक नलिका जेमतेम २५ नॅनोमीटर जाड, म्हणजे केसापेक्षा हजारो पट बारीक असते. मात्र तर्कू हा काही कायमचा सांगाडा नव्हे. त्यातील नलिका सतत वाढतात, एकाएकी आखडतात, पुन्हा वाढतात. प्रथिनांच्या ‘मोटारी’ त्यांना ओढतात, ढकलतात. एवढ्या धावपळीतून ठरावीक आकार कसा टिकतो?

त्यासाठी नुसते पाहून भागत नाही, मोजावे लागते. नलिका किती वेगाने वाढते? किती वेळाने आखडते? पाषाण येथील ‘आयसर पुणे’मध्ये डॉ. चैतन्य आठले यांचा गट या प्रश्नांवर काम करतो. सूक्ष्मदर्शकातून मिळालेली मोजमापे आणि संगणकावरील प्रारूपे यांची तेथे सांगड घातली जाते. या गटाचा एक अभ्यास २०२१ मध्ये ‘जर्नल ऑफ सेल सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. ताऱ्यासारखे अनेक नलिकापुंज एका पेशीत असले, तर ‘काइनेसिन-५’ या मोटारीमुळे ते आपोआप नीट मांडले जातात आणि त्या मांडणीचा पेशीच्या आकारमानाशी संबंध असतो, असे त्यात दिसले.

याचा औषधांशी जवळचा संबंध आहे. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारी व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरील औषधे सूक्ष्मनलिका बनूच देत नाहीत. त्यामुळे तर्कू उभा राहत नाही आणि विभाजन थांबते. १९८० च्या दशकात आयसरच्या शेजारच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सिप्ला कंपनीच्या साथीने ही औषधे बनवण्याची प्रक्रिया विकसित केली. पॅक्लिटॅक्सेल उलटे काम करते: ते नलिका मोडूच देत नाही. पण नलिका मज्जातंतूंतही असतात. म्हणून ही औषधे घेणाऱ्या अनेकांच्या हातापायांना मुंग्या येतात. मज्जातंतूंना धक्का न लावता केवळ विभाजनच रोखायचे, तर तर्कूचे गणित आधी नेमके कळायला हवे.