युद्धपट पाहण्याचे वय कोणते?

प्रजासत्ताक दिनानिमित्त शाळेत 'हकीकत' किंवा 'बॉर्डर' दाखवायचे ठरते. नववीचा वर्ग टाळ्या वाजवतो. तिसरीतला एखादा मुलगा मात्र कान झाकून रडू लागतो. त्याला भित्रा म्हणून चिडवणे सोपे आहे. पण पडदा एकच, चित्रपट एकच, मग परिणाम निराळा का?

याचे कारण मेंदूत आहे. मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंस, बदामाच्या आकाराचा एकेक पेशीसमूह असतो. त्याला 'अ‍ॅमिग्डाला' म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच बदाम. स्फोटाचा आवाज ऐकताच किंवा भेदरलेला चेहरा दिसताच तो धोक्याची सूचना देतो. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनलीन सोडतात. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. "हा तर सिनेमा आहे" असे बजावून ही धावपळ आवरण्याचे काम मुख्यतः कपाळामागील भाग करतो. हा भाग सर्वांत उशिरा परिपक्व होतो. त्याची वाढ विशीनंतरही चालू असते. म्हणजे लहान मुलात घंटा वाजवणारा तयार असतो, पण ती थांबवणारा अजून शिकाऊ असतो!

वयाप्रमाणे भीतीचे स्वरूपही बदलते. साधारणपणे सात वर्षांपर्यंतची मुले अक्राळविक्राळ रूपाला आणि मोठ्या आवाजाला घाबरतात. पुढे खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टींची धास्ती वाटू लागते: घर जळणे, आईवडिलांची ताटातूट होणे. कुमारवयात "हे युद्ध झालेच का?" असे प्रश्न पडतात. राक्षसाच्या गोष्टीत "हे खोटे आहे" म्हटल्यावर मोठे मूल शांत होते. युद्धपटात तसे म्हणता येत नाही, कारण युद्धे खरी असतात.

चित्रपट कार्टूनसारखा आहे म्हणून तो सौम्य असेल, असेही नाही. इसाओ ताकाहाता यांचा १९८८ चा जपानी चित्रपट 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा रेखाटलेल्या चित्रांचा आहे. पण त्यात १९४५ मधील बाँबहल्ल्यानंतर पोरकी झालेली दोन भावंडे उपासमारीला तोंड देतात.

मग प्रमाणपत्र पाहावे का? जरूर पाहावे. आपल्याकडे १९८३ मध्ये 'यूए' हा वर्ग आला आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे ७, १३ व १६ वर्षे असे तीन टप्पे झाले. पण हे टप्पे पालकांना मार्गदर्शन करण्यापुरते आहेत. दोन दहा वर्षांची मुले सारखी नसतात. ज्याचे वडील सीमेवर आहेत, त्याला पडद्यावरचा जवान परका वाटत नाही.

म्हणून धाकट्या भावंडाला सोबत नेण्यापूर्वी काही गोष्टी तपासा. पूर्वी एखादे भीतिदायक दृश्य पाहून त्याची झोप उडाली होती का? नट आणि प्रत्यक्ष मेलेला सैनिक यांतला फरक ते स्वतःच्या शब्दांत सांगू शकते का? नको वाटले तर उठून जाण्याची मोकळीक त्याला आहे का? चित्रपट आधी एखाद्या मोठ्या माणसाने पाहिला आहे का?

एवढे करूनही मूल घाबरलेच, तर आवाज बंद करा, दिवा लावा, जवळ बसा. बोलण्याची वेळ नंतर येते. थांबायला सांगणारे मूल दुबळे नसते. आपल्याला किती झेपते हे ओळखणे, हीसुद्धा एक वाढच आहे.