चालू दाव्यात नवा हक्कदार

कुटुंबाच्या जमिनीच्या ताब्याचा दावा हा वरवर पाहता वादी आणि प्रतिवादी या दोघांतील तंटा वाटतो. परंतु त्या जमिनीवर ज्यांचा हक्क पोहोचतो ते सर्वजण न्यायालयापुढे आलेले असतातच असे नाही. लग्न होऊन सासरी गेलेली बहीण किंवा मृत भावाची विधवा यांची नावे कधी अजाणता, तर कधी हेतुपुरस्सर गाळली जातात. अशा व्यक्तीला चालू दाव्यात पक्षकार होता येते काय, आणि झाल्यास तिच्या पदरात नेमके काय पडते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १, नियम १० यात याचे उत्तर आहे. वादातील प्रश्नांचा परिणामकारक व पूर्ण निर्णय होण्यासाठी ज्याची उपस्थिती जरूर आहे, त्याला न्यायालय दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर, कोणाच्या अर्जावरून अथवा आपण होऊन, सामील करू शकते. असे पक्षकार दोन प्रकारचे असतात. ज्याच्यावाचून परिणामकारक हुकूमनामाच करता येत नाही, तो आवश्यक पक्षकार होय. ज्याच्यावाचून हुकूमनामा होऊ शकतो, पण वादाचा समग्र निकाल लागण्यास ज्याची उपस्थिती उपयोगी पडते, तो उचित पक्षकार. एरवी एखादा पक्षकार राहून गेला म्हणून दावा बुडत नाही; परंतु ही सवलत आवश्यक पक्षकार वगळल्यास मिळत नाही, हे १९७६ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाले आहे.

वाटणी करून ताबा मागणाऱ्या दाव्यात प्रत्येक हिस्सेदार आवश्यक ठरतो. याचे कारण साध्या अंकगणितात आहे. सांगलीच्या दिवाणी न्यायालयात सुरू झालेल्या मगदूम कुटुंबाच्या दाव्याचे उदाहरण घेऊ. कुटुंबप्रमुख १९६० साली निवर्तले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे कल्पिल्यास पती, पत्नी व दोन मुलगे यांना प्रत्येकी १/४ हिस्सा मिळतो. पुढे पतीचा १/४ हिस्सा सहा वारसांत वाटला जातो. म्हणून विधवेचा हिस्सा १/४ अधिक १/२४, म्हणजे ७/२४ होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दिला. या हिशेबाने प्रत्येक मुलीला मात्र १/२४ च मिळतो.

९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद झाली. त्या दिवशी पिता हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविले. अशाच रचनेच्या कुटुंबातील प्रमुख या तारखेनंतर मृत्युपत्र न करता मरण पावला, तर कल्पित वाटणी सात जणांत होईल आणि अखेरीस सहाही वारसांना प्रत्येकी १/६ हिस्सा मिळेल. एक बहीण वगळली की सर्वांचेच आकडे चुकतात. म्हणून तिला सामील करणे हा उपकार नसून अचूक न्यायाची ती अटच आहे.

महाराष्ट्रातील सातबाऱ्यावर किंवा दुर्ग जिल्ह्यातील उतईसारख्या गावच्या खसरा व बी-१ नोंदीत तिचे नाव नाही, एवढ्यावरून तिचा हक्क नष्ट होत नाही. महसुली नोंद मुख्यतः सारावसुलीसाठी असते. मालकीचा निर्णय दिवाणी न्यायालय करते.

मूळ पक्षकारांचे आपसांत एकमत झाले तरी तिसऱ्याचा हक्क झाकला जात नाही. हैदराबादच्या निजामाच्या एका पुत्राविरुद्ध एका स्त्रीने आपण त्याची विवाहित पत्नी असल्याचा दावा लावला, आणि त्याने तो कबूलही केला. तरीही त्याच्या दुसऱ्या पत्नीला व मुलाला पक्षकार करून घेणे योग्यच होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली दिला. याच निकालात असेही म्हटले आहे की, मिळकतीच्या दाव्यात येऊ पाहणाऱ्याचा वादविषयात प्रत्यक्ष संबंध असला पाहिजे.

म्हणून दार सर्वांनाच उघडे नसते. एका सहमालकाने अतिक्रमण करणाऱ्या त्रयस्थाविरुद्ध ताब्याचा दावा लावला, तर सामान्यतः इतर सहमालकांवाचून तो अडत नाही. तसेच दोन्ही पक्षांहून निराळा, स्वतंत्र मालकीहक्क सांगणाऱ्याला बहुधा वेगळा दावा लावण्यास सांगितले जाते.

अर्ज मंजूर झाल्यावर वादपत्रात दुरुस्ती होते व नव्या पक्षकाराला आपली कैफियत मांडता येते. पण पक्षकार होणे म्हणजे हक्क सिद्ध होणे नव्हे. नाते व हिस्सा पुराव्यानेच शाबीत करावा लागतो. शिवाय १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, नव्या पक्षकारापुरता दावा तो सामील झाल्या दिवशी दाखल झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मालकीहक्काच्या आधारे ताबा मागण्याची मुदत, ताबा प्रतिकूल झाल्यापासून १२ वर्षांची आहे. वाटणीच्या दाव्यात मात्र प्राथमिक हुकूमनाम्यानंतरही, अंतिम हुकूमनामा होईपर्यंत, हिस्से बदलता येतात. वगळल्या गेलेल्या हिस्सेदाराने तोपर्यंत न्यायालयात आले पाहिजे. कारण अंतिम वाटणी होऊन जमिनीत हद्दीचे दगड बसल्यावर तोच हक्क मिळविण्याची वाट कितीतरी लांब व खर्चाची होते.