सशाला रोज गाजर देताय? मग हे वाचा

घरात ससा आला की पहिली खरेदी होते गाजरांची. १९४० पासून पडद्यावर गाजर चघळणाऱ्या बग्ज बनीमुळे हा समज आणखी पक्का झाला. पण गाजरात साखर बरीच असते. सशाचं खरं अन्न आहे गवत.

गवतच का?

सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे दात तर आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर. गवत चावताना ते झिजतात. नुसतं मऊ अन्न मिळालं, तर दाढांना टोकं येतात, ती जिभेला आणि गालाला टोचतात आणि ससा खाणं सोडतो.

दुसरं कारण पोटात आहे. गवतातल्या तंतूंमुळे आतड्यांची हालचाल सुरू राहते. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं अन्न पुढेच सरकावं लागतं. पोळी, भात, बिस्किटांमुळे आतड्यातल्या जिवाणूंचा तोल बिघडतो, गॅस होतो आणि हालचाल मंदावते.

ससा स्वतःच्या लेंड्या खातो, हे ठीक आहे?

हो. कोरड्या, गोल लेंड्या तो टाकून देतो. मऊ, घोसासारख्या लेंड्या मात्र लगेच खातो. त्यांतून त्याला प्रथिनं आणि बी जीवनसत्त्वं मिळतात. त्याला अडवू नका.

रोज काय द्यायचं?

• वाळलेलं गवत: आहाराचा सुमारे ८० टक्के भाग. दिवसरात्र समोर हवं.
• पाला: कोथिंबीर, पुदिना, गाजराचा पाला. स्वच्छ धुऊन.
• पेलेट: वजनाच्या दर किलोमागे साधारण २५ ग्रॅम.
• गाजर, फळं: अधूनमधून एखादा लहान तुकडा.
• पाणी: कायम ताजं, उन्हाळ्यात तर हवंच.

लसूण घासात कॅल्शियम जास्त असतं. वाढत्या पिलांना तो चालतो. मोठ्या सशाला मात्र रोज दिल्यास मूतखड्याचा धोका वाढतो. कांदा, लसूण, चॉकलेट, ॲव्होकाडो अजिबात देऊ नका. आहार बदलायचा असेल तर हळूहळू, काही दिवसांत बदला.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

सशाने १२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकणं थांबवलं, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. आतडी थांबली की ससा एक-दोन दिवसांत दगावू शकतो. त्यामुळे रोज पिंजरा साफ करताना लेंड्यांकडे नीट पाहा. त्या कमी किंवा लहान झाल्या, तर तो पहिला इशारा असतो.