अडॅप्टर बदलला की गाणं बदलतं?

तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय हा संगणक, त्यावर बसवलेलं डॅकचं, म्हणजे आकड्यांचं ध्वनिसंकेतात रूपांतर करणारं कार्ड आणि घरातलं वाय-फाय एवढ्या सामग्रीत आज चांगला स्ट्रीमर तयार होतो. तो ॲम्प्लिफायरला जोडायचा, मोबाइलवरून गाणं निवडायचं आणि स्पीकरवर ऐकायचं. मग कुणीतरी कानसेन मित्र सांगतो, ‘बाकी सगळं झकास आहे रे, पण तो चार्जरसारखा अडॅप्टर आधी काढून टाक. लिनिअर पॉवर सप्लाय लाव, मग बघ आवाज कसा खुलतो!’ असे पॉवर सप्लाय काही हजारांपासून लाखाच्या पुढेही मिळतात. म्हणजे कधी कधी स्ट्रीमरपेक्षा त्याचा वीजपुरवठाच कित्येक पट महाग. त्यानं खरोखर फरक पडतो का? ‘पडतोच’ म्हणणारे आणि ‘शक्यच नाही’ म्हणणारे हिरिरीनं भांडतात. पण वीजपुरवठ्यातला दोष स्पीकरपर्यंत नेमका कोणत्या वाटेनं पोहोचेल, हे दोघंही सहसा तपासत नाहीत. वाटा मोजक्याच आहेत. त्या एकेक करून पाहिल्या की उत्तर बरंचसं हाती लागतं.

वीजपुरवठ्याची दोन घराणी

भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची वीज असते आणि ती सेकंदाला ५० आवर्तनं करते. स्ट्रीमरला हवा असतो एकाच दिशेनं वाहणारा, ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा. लिनिअर पद्धतीत मोठा ट्रान्सफॉर्मर आधी व्होल्टेज उतरवतो आणि मग डायोड दिशा एक करतात. त्यातून सेकंदाला १०० उसळ्या मिळतात. पुढे कपॅसिटर गच्चीवरच्या टाकीचं काम करतो: नळाला पाणी कसंही येवो, घरात धार सारखी राहते. उरलेली चढउतार रेग्युलेटर कापतो आणि जास्तीची ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतो. म्हणून हे सप्लाय जड असतात आणि तापतात.

नेहमीच्या अडॅप्टरमध्ये एसएमपीएस म्हणजे स्विचिंग पद्धत असते. यात वीज आधीच एकदिश केली जाते. मग ट्रान्झिस्टर ती सेकंदाला हजारो ते लाखो वेळा चालू-बंद करतो. एवढ्या वेगात चिमुकला ट्रान्सफॉर्मरही पुरतो. म्हणून अडॅप्टर हलका, स्वस्त आणि कार्यक्षम असतो.

दोन्हींत थोडी अशुद्धी उरतेच. लिनिअरची अशुद्धी १०० हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे माणसाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडते. स्विचिंगची बहुतेक अशुद्धी २०,००० हर्ट्‌झच्या वर, म्हणजे कानांच्या टप्प्याबाहेर असते. लिनिअरच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरभोवती चुंबकीय क्षेत्रही असतं आणि तो चुकीच्या जागी ठेवला तर शेजारच्या तारेत गुणगुणाट उतरवतो. चौकोनी लहर देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर तर ट्रान्सफॉर्मर स्वतःच घरघरतो. तेव्हा ‘लिनिअर म्हणजे शुद्ध, स्विचिंग म्हणजे गढूळ’ अशी सरसकट वाटणी करता येत नाही.

पहिली वाट: आकड्यांची

इंटरनेटवरून गाणं येतं ते आकड्यांच्या पॅकेटमधून. प्रत्येक पॅकेटसोबत पडताळणीची बेरीज असते. ती जुळली नाही तर पॅकेट पुन्हा मागवलं जातं. आलेला मजकूर स्मृतीत साठतो आणि तिथून वाजवला जातो. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या नेहमीच्या परिपथांत ०.८ व्होल्टच्या खाली शून्य आणि २ व्होल्टच्या वर एक, असा संकेत असतो. मधली दरी एक व्होल्टहून रुंद आहे. पुरवठ्यातल्या काही मिलिव्होल्टच्या थरथरीनं शून्याचा एक होत नाही.

पुरवठा खरोखर अशक्त असेल तर मात्र गोष्ट वेगळी. रास्पबेरी पायला मिळणारा पुरवठा सुमारे ४.६ व्होल्टच्या खाली घसरला की तो कमी व्होल्टेजचा इशारा देतो. त्याहून घसरला तर यंत्र अडखळतं, गाणं तुटतं किंवा सगळं पुन्हा सुरू होतं. अशा वेळी योग्य क्षमतेचा अडॅप्टर घेणं हाच उपाय. पण हा बिघाड धडधडीत असतो. आकड्यांच्या वाटेवरच्या दोषानं गाणं थांबेल, खरखरेल. बासरी जरा कमी गोड किंवा तबला थोडा पातळ असं काही त्यातून होत नाही.

दुसरी वाट: घड्याळाची

आकडे बरोबर असले तरी त्यांचं ध्वनीत रूपांतर ठरल्या क्षणी व्हावं लागतं. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, म्हणजे दर २२.७ मायक्रोसेकंदांना एक. हा ताल डॅकजवळचा क्वार्ट्‌झ स्फटिक धरतो. ताल किंचित पुढेमागे झाला तर त्याला जिटर म्हणतात. पुरवठ्यातली अशुद्धी जिटर वाढवू शकते, हे तत्त्वतः खरं आहे.

किती जिटर ऐकू येतो? डॉल्बी प्रयोगशाळेतल्या बेंजामिन आणि गॅनन यांनी १९९८ मध्ये याचा अभ्यास मांडला. निवडक शुद्ध स्वरांवर श्रोत्यांना जेमतेम १० नॅनोसेकंदांपर्यंतचा जिटर ओळखता आला. संगीतात ही मर्यादा २० नॅनोसेकंद किंवा त्याहून वर गेली. जपानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अनियमित जिटर काहीशे नॅनोसेकंदांपर्यंत वाढवल्यावरच श्रोत्यांना कळला. आजच्या बऱ्या डॅकमध्ये तो एका नॅनोसेकंदाच्याही खाली असतो.

तिसरी वाट: थेट संगीतात

आता डॅकच्या पुढचा भाग. इथे आकडे संपतात आणि खरा विद्युतसंकेत सुरू होतो. पुरवठ्यातली अशुद्धी त्यात मिसळू शकते. एक हिशोब करून पाहू. अडॅप्टरच्या ५ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टची चढउतार आहे असं धरू. डॅकच्या कार्डावर स्वतःचा छोटा रेग्युलेटर असतो. तो ध्वनीच्या पट्ट्यातली ही चढउतार हजार पटींनी कमी करतो असं मानलं, तर उरतात ५० मायक्रोव्होल्ट. डॅकची चिप स्वतःही पुरवठ्यातली अशुद्धी आउटपुटपर्यंत जाऊ देत नाही. तिथेही हजार पटींची घट धरली तर उरतात ५० नॅनोव्होल्ट. डॅकचं पूर्ण आउटपुट २ व्होल्ट असतं. त्याच्या तुलनेत ही अशुद्धी चार कोटी पटींनी लहान, म्हणजे सुमारे १५२ डेसिबल खाली आहे.

५० नॅनोव्होल्ट किती क्षुल्लक? बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सन यांनी १९२८ मध्ये दाखवलं, की प्रत्येक रोधकात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची चुळबुळ चालू असते आणि तिचा आवाज मोजता येतो. नेहमीच्या तापमानाला १,००० ओहमच्या साध्या रोधकात, श्रवणीय पट्ट्यात, हा आवाज अर्ध्या मायक्रोव्होल्टहून थोडा अधिक भरतो. म्हणजे परिपथातल्या एका रोधकाची उपजत चुळबुळ आपल्या अडॅप्टरच्या उरलेल्या अशुद्धीच्या दहापट आहे. वरच्या वारंवारतांना रेग्युलेटरची पकड सैल होते, हे खरं. त्यासाठी कार्डावर वेगळे फिल्टर असतात. सुमार बांधणीच्या कार्डात ते नसले, तर दोष कार्डाचा आहे.

चोरवाट

इथवर सगळा निकाल साध्या अडॅप्टरच्या बाजूनं लागला. पण चौथी वाट उरते, आणि गोम तिथेच आहे.

दोन पिनांच्या स्विचिंग अडॅप्टरमध्ये मुख्य वीज आणि आउटपुट यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो. तो बाहेर पडणारे रेडिओतरंग आवरतो, पण त्यातून किंचित प्रवाह गळतो. लॅपटॉप चार्जिंगला असताना धातूच्या कव्हरवरून बोट फिरवलं की मुंग्या येतात, तो हाच प्रवाह. कपॅसिटर एक नॅनोफॅरडचा असेल तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झला सुमारे ७२ मायक्रोअँपियर गळतात. हा प्रवाह परतीची वाट शोधतो आणि स्ट्रीमरला ॲम्प्लिफायरशी जोडणाऱ्या आरसीए केबलच्या जाळीतून जातो. तीच जाळी संगीताच्या संकेताचीही परतीची तार असते. जाळी आणि जोड मिळून रोध अर्धा ओहम धरला, तर संगीतात ३६ मायक्रोव्होल्ट मिसळतात. समोरच्या दारानं आलेल्या ५० नॅनोव्होल्टच्या सातशे पटींहून अधिक!

तरीही हे संगीताच्या ९५ डेसिबल खाली आहे. सर्वोच्च आवाज १०० डेसिबल असेल तर ही गळती ५ डेसिबलची, आणि रात्रीची शांत खोलीही ३० डेसिबलच्या आसपास असते. पण स्ट्रीमर डेस्कटॉपच्या यूएसबीवर चालत असेल किंवा ॲम्प्लिफायरला सेट-टॉप बॉक्सची केबलही जोडलेली असेल, तर अर्थिंगचं बंद वर्तुळ तयार होऊ शकतं. त्यातून काही मिलिअँपियर फिरू शकतात. ५ मिलिअँपियर फिरले तर त्याच अर्ध्या ओहमवर अडीच मिलिव्होल्ट उमटतात. ते संगीताच्या केवळ ५८ डेसिबल खाली असतात आणि त्यांच्या वरच्या स्वरांची घरघर शांत खोलीत स्पष्ट ऐकू येऊ शकते.

अशा घरात लिनिअर सप्लाय लावल्यावर ‘पार्श्वभूमी काळीभोर झाली’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसेल. त्या सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरमधून गळती कमी होत असेल, किंवा डेस्कटॉपशी जोडलेलं वर्तुळ तुटलं असेल. मात्र श्रेय वीज शुद्ध झाल्याचं नाही. चोरवाट बंद झाली, इतकंच. आणि लिनिअर सप्लायचं आउटपुट अर्थिंगला जोडलेलं असेल, तर नवं वर्तुळ तयार होऊन घरघर वाढूही शकते. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तंतूतून प्रकाशानं संकेत नेणारी ऑप्टिकल केबल वेगळ्या डॅकला जोडली, तर ही वाट मुळातूनच तुटते. संतुलित एक्सएलआर जोडणी किंवा ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरही कामी येतो. घरघर थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा उद्योग मात्र कुणी करू नये. ती जीव वाचवण्यासाठी असते.

कान, डोळे आणि किंमत

मग घरघर नसलेल्या घरातही अनेकांना फरक का जाणवतो? फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग मांडला. त्याच श्रोत्यांनी तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग डोळ्यांसमोर ऐकून गुण दिले. दिसू लागल्यावर गुण बदलले, आणि अनुभवी श्रोतेही या प्रभावातून सुटले नाहीत. मेंदू डोळ्यांनी पाहिलेलं आणि खिशातून गेलेलं ऐकलेल्यात मिसळतो. त्यात लबाडी नाही, मेंदूची ती घडणच आहे. शिवाय आवाज अगदी किंचित मोठा असला तरी तो ‘मोठा’ न वाटता ‘अधिक चांगला’ वाटतो.

म्हणून परीक्षा झाकून घ्यावी. अडॅप्टर बदलायला स्ट्रीमर बंद करावा लागतो, आणि आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांत पुसट होते. तेव्हा एकसारखे दोन स्ट्रीमर घ्यावेत, एकाला साधा अडॅप्टर, दुसऱ्याला महाग सप्लाय. आवाजाची पातळी मोजून समान करावी. कोणता वाजतोय ते नाणेफेकीनं दुसऱ्यानं ठरवावं आणि ऐकणाऱ्याला दिसू नये. १६ पैकी १२ किंवा अधिक वेळा ओळख बरोबर ठरली, तर ती निव्वळ अंदाजानं जुळण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. मग फरक खरा मानून कारण शोधायला लागावं.

पैसे कुठे घालावेत?

गाणं थांबवून आवाजाची कळ नेहमीच्या जागी ठेवावी आणि स्पीकरजवळ कान न्यावा. घरघर ऐकू आली तर एकेक केबल काढून चोरवाट शोधावी. गाणं अडखळत असेल, तर पुरेशा क्षमतेचा, नामांकित बनावटीचा अडॅप्टर घ्यावा. दोन्ही तक्रारी नसतील, तर वीजपुरवठ्याचं काम झालेलं आहे. ‘झालेलं’ काम दसपट पैसे मोजून ‘अधिक झालेलं’ करता येत नाही.

स्पीकर आणि खोली यांच्याबाबत मात्र हे खरं नाही. खालच्या स्वरांत चांगल्या स्पीकरकडूनही होणारा आवाजाचा विपर्यास एक टक्क्यापर्यंत, म्हणजे संगीताच्या केवळ ४० डेसिबल खाली असू शकतो. आपली दहा बाय बाराची खोली ४७ आणि ५६ हर्ट्‌झच्या आसपासचे स्वर स्वतःच फुगवते. कोपऱ्यांत ते घुमतात, खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसे होतात. हा फरक ओळखायला झाकून परीक्षा घ्यावी लागत नाही, खुर्ची दोन फूट सरकवली तरी तो कळतो. लिनिअर सप्लायसाठी बाजूला काढलेल्या पैशांत चांगले स्पीकर, जाड पडदे आणि भिंतीला लागून पुस्तकांनी भरलेलं एखादं कपाट बसत असेल, तर आधी तेच घ्यावं.